एक कुटुंब, चार अर्ज: ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी

प्रश्न रेडिंगमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. ते फेब्रुवारी २०२० मध्ये कामाच्या व्हिसावर पत्नी आणि पुण्यात जन्मलेल्या मुलीसह ब्रिटनमध्ये आले. तिघांना एप्रिल २०२५ मध्ये कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळाली. मुलगा ऑक्टोबर २०२२ मध्ये रेडिंगमध्येच जन्मला, त्याचा आयएलआर काढलेला नाही आणि त्याचा डिपेंडंट व्हिसा २०२५ मध्ये संपला. पत्नी आईच्या आजारपणामुळे मार्च २०२१ मध्ये मुलीला घेऊन नाशिकला गेली आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी परतली. स्वतः गृहस्थ वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे २०२५ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा डिसेंबरमध्ये साताऱ्याला राहून आले. बाणेरचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल एकदा दंड भरलेला आहे आणि गावाकडे वडिलोपार्जित शेतजमीन आहे. मे २०२६ मध्ये चौघांचा एकत्र अर्ज करता येईल का, एवढेच त्यांनी विचारले आहे.

थोडक्यात उत्तर असे की मे महिन्यात चौघांनी एकत्र अर्ज करू नये. सोयीची तारीख ऑगस्टच्या उत्तरार्धातली आहे आणि मुलाचा अर्ज मात्र त्याच्याही आधी, आजच करावा. याची कारणे मी सविस्तर मांडतो, कारण आपल्या प्रश्नात जो समज दडलेला आहे तो मला जवळपास प्रत्येक मराठी कुटुंबात आढळतो. ब्रिटिश कायद्यात ‘कुटुंबाचा अर्ज’ नावाची गोष्ट नाही. व्हिसा आणि आयएलआर मिळवताना आपण मुख्य अर्जदार होतात आणि बाकीचे आपल्यावर अवलंबून होते. नागरिकत्वाच्या वेळी ती रचना संपते. आपल्या घरातल्या चार व्यक्ती १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधील तीन निरनिराळ्या तरतुदींखाली येतात आणि प्रत्येकाची पात्रता त्याच्या स्वतःच्या तारखांवर ठरते. म्हणून फॉर्म उघडण्याआधी चार कोरे कागद घ्यावेत, प्रत्येकावर एकेकाचे नाव लिहावे आणि ब्रिटनमध्ये आल्यापासूनचा त्याचा प्रवास तारीखवार मांडावा. या कामाला एक शनिवार-रविवार लागतो, पण पुढची निम्मी चिंता तिथेच मिटते.

आपण दोघे पती-पत्नी कलम ६(१) खाली याल, कारण आज दोघांपैकी कोणीही ब्रिटिश नागरिक नाही. या कलमाच्या वास्तव्यविषयक अटी चार आहेत. अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेल्या पाच वर्षांच्या पहिल्या दिवशी अर्जदार प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असला पाहिजे. त्या पाच वर्षांत तो एकूण ४५० दिवसांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर नसावा. शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर नसावा. आणि शेवटचे बारा महिने त्याच्या वास्तव्यावर मुदतीचे बंधन नसावे, म्हणजे सोप्या शब्दांत आयएलआर मिळून एक वर्ष झालेले असावे. एप्रिल २०२५ च्या आयएलआरमुळे शेवटची अट मे २०२६ मध्ये दोघांचीही पूर्ण होते, आणि बहुतेक लोक तेवढ्यावरच अर्ज भरायला घेतात. खरी अडचण पहिल्या आणि तिसऱ्या अटीत आहे.

आधी पत्नीचे पाहू. अर्ज २० मे २०२६ रोजी केला, तर तिने २१ मे २०२१ या दिवशी ब्रिटनमध्ये असणे आवश्यक ठरते. त्या दिवशी ती नाशिकमध्ये होती. भारत २३ एप्रिल २०२१ पासून ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांत, होता आणि ८ ऑगस्ट २०२१ रोजी त्यातून बाहेर आला. त्या साडेतीन महिन्यांत आपली शेकडो माणसे भारतात अडकली, आणि पाच वर्षे मागे मोजताना २०२६ च्या उन्हाळ्यातील अर्ज नेमके त्याच काळावर येऊन आदळत आहेत. पहिल्या दिवसाच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, २८ जून २०२२ पासून मिळालेला आहे, त्यामुळे प्रवासनिर्बंधांचे कारण मांडता येते. परंतु ते कारण जितके सबळ वाटते तितके नाही, कारण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीला त्या काळातही परतता येत होते. फक्त दहा दिवस सरकारी हॉटेलमध्ये राहण्यासाठी एका प्रौढामागे १,७५० पौंड मोजावे लागत होते. अधिकारी हा मुद्दा काढू शकतो. थोडे थांबल्याने अडचण मुळातूनच नाहीशी होत असेल, तर कोणाच्या विवेकाधिकारावर एवढा महागडा अर्ज पणाला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पत्नीचा अर्ज २० ऑगस्ट २०२६ रोजी केला, तर पहिला दिवस २१ ऑगस्ट २०२१ येतो, त्या दिवशी ती रेडिंगमध्ये होती, आणि नाशिकचा तो संपूर्ण मुक्काम पाच वर्षांच्या मोजणीतूनच बाहेर पडतो. तांत्रिकदृष्ट्या १३ ऑगस्टलाही चालेल. पण परतीच्या दिवसाच्या इतके जवळ जाण्याचे काही कारण नाही.

आता आपले स्वतःचे. आपण २ जून २०२५ रोजी गेलात आणि १३ जुलैला आलात. नंतर ५ डिसेंबरला गेलात आणि ३१ जानेवारी २०२६ रोजी आलात. गैरहजेरी मोजताना जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरायचा नसतो, केवळ पूर्ण दिवस बाहेर काढलेले दिवस मोजायचे असतात. त्या हिशेबाने पहिला प्रवास ४० दिवसांचा आणि दुसरा ५६ दिवसांचा, मिळून ९६ होतात. मे महिन्यात अर्ज केला तर हे सगळे दिवस शेवटच्या वर्षात पडतात आणि मर्यादा सहा दिवसांनी ओलांडली जाते. बाकी सर्व अटी पूर्ण असतील तर शेवटच्या वर्षातील १०० दिवसांपर्यंतची गैरहजेरी सहसा माफ केली जाते, त्यामुळे हा नकाराचा मुद्दा होण्याची शक्यता कमी आहे. पण १३ जुलै २०२६ नंतर उन्हाळ्याचा तो प्रवास बारा महिन्यांच्या बाहेर गेलेला असेल आणि केवळ ५६ दिवस उरतील. म्हणजे पत्नीसाठी जी तारीख योग्य ठरते तीच आपल्यासाठीही निर्धोक आहे. मधल्या काळात भारतात जावे लागलेच, तर आपल्या हातात ३४ दिवस शिल्लक आहेत एवढे लक्षात ठेवावे.

आपण आधी अर्ज करून ब्रिटिश नागरिक व्हावे आणि मग पत्नीने ब्रिटिश नागरिकाची पत्नी म्हणून कलम ६(२) खाली अर्ज करावा, असा एक मार्ग बरेच जण सुचवतात. त्यात पाचऐवजी तीन वर्षे पाहतात, गैरहजेरीची मर्यादा २७० दिवसांची असते आणि आयएलआरनंतर वर्षभर थांबावे लागत नाही. एखाद्या घरात पत्नी उशिरा आलेली असेल तर हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो. आपल्याकडे मात्र त्याने काहीच साधत नाही, कारण आपल्या अर्जाचा निर्णय आणि त्यानंतरचा शपथविधी होईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातील, आणि ऑगस्ट त्याच्या कितीतरी आधी येतो.

मुलाचे प्रकरण सगळ्यात सोपे आहे, आणि सगळ्यात तातडीचेही. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील स्थायिक, म्हणजे आयएलआरसारखी कायमची परवानगी असलेले, असतील, तर ते मूल जन्मतःच ब्रिटिश असते आणि त्याच्यासाठी थेट पासपोर्ट मागायचा असतो. आपला मुलगा आयएलआरच्या आधी जन्मला, म्हणून तो जन्मतः ब्रिटिश नाही. पण ज्या दिवशी आपल्याला आयएलआर मिळाला त्या दिवसापासून त्याला कलम १(३) खाली नोंदणीचा हक्क मिळाला. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. त्यासाठी आपल्याला बारा महिने थांबायचे नव्हते, मुलाचा आयएलआर लागत नव्हता आणि आजही लागत नाही. तो न काढून आपण योग्यच केलेत, कारण एप्रिल २०२५ च्या दरांनुसार आयएलआरचे शुल्क ३,०२९ पौंड होते आणि मुलाच्या नोंदणीचे १,२१४ पौंड. अनेक पालक कोणीतरी सांगितले म्हणून आधी मुलाचा आयएलआर काढतात आणि वर्षभराने पुन्हा नोंदणीचे पैसे भरतात, हे पाहून मला फार वाईट वाटते.

मात्र एक गोष्ट कृपा करून गांभीर्याने घ्यावी. मुलाचा व्हिसा संपलेला आहे. व्हिसा संपला म्हणून त्याच्या नोंदणीच्या हक्काला बाधा येत नाही; पण देशाबाहेर पाऊल टाकले की परत येण्यासाठी त्याच्याकडे कोणताही आधार उरत नाही. नातवाला पाहायला आजी-आजोबा आतुर असतात, सुट्टी लागते, तिकिटे काढली जातात आणि परतीच्या वेळी मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनी त्या मुलाला विमानात घेत नाही. ब्रिटिश पासपोर्ट हातात पडेपर्यंत त्याला भारतात नेऊ नये. याच कारणासाठी त्याचा अर्ज ऑगस्टपर्यंत ताटकळत ठेवू नये, असे मी म्हणतो. त्याच्यासाठी मुलांच्या नोंदणीचा एमएन-१ फॉर्म, त्याचा सविस्तर जन्मदाखला ज्यावर आई-वडिलांची नावे आहेत, आपल्या आयएलआरचा पुरावा आणि दोघांची संमती एवढे मुख्यतः लागते.

मुलीची स्थिती वेगळी आहे. ती ब्रिटनबाहेर जन्मली, त्यामुळे तिला हक्क नाही. कलम ३(१) खाली तिची नोंदणी करायची की नाही हे होम ऑफिस ठरवते. व्यवहारात पालकांपैकी एक ब्रिटिश असेल किंवा त्याच वेळी अर्ज करत असेल, दुसरा किमान स्थायिक असेल, मुलीकडे स्वतःचा आयएलआर असेल आणि तिचे भवितव्य ब्रिटनमध्येच आहे हे स्पष्ट असेल, तर नोंदणी होते. आपल्या मुलीच्या बाबतीत हे सर्व आहे. तिचा अर्ज आपल्या दोघांच्या अर्जांबरोबरच करावा आणि सोबतच्या पत्रात तिघांच्या अर्जांचे संदर्भ क्रमांक लिहावेत, म्हणजे ते एकत्र पाहिले जातील. तिला ४५० दिवसांची मोजणी लागू नाही, त्यामुळे २०२१ चा मुक्काम तिच्या आड येणार नाही. शाळेचे पत्र आणि अलीकडचे प्रगतिपुस्तक जोडावे. ती बारा वर्षांची आहे, आणि चांगल्या चारित्र्याची अट दहाव्या वर्षापासून लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्यात सांगण्यासारखे काही नसते, पण प्रश्नाचे उत्तर रिकामे सोडू नये.

यानंतर ज्या गोष्टीवर मी प्रत्येक मराठी कुटुंबाचा सर्वांत जास्त वेळ घेतो ती म्हणजे नावे. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे केवळ आडनावच नाही, तर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि काही घरांत तिचे स्वतःचे नावही बदलते. परिणामी दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर तेच, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही, पासपोर्टवर तिसरे आणि आयएलआरच्या नोंदीत पासपोर्टप्रमाणे, अशी अवस्था असते. समजा, शाळेत ती वैशाली दत्तात्रय देशपांडे होती आणि पासपोर्टवर मधुरा सचिन कुलकर्णी आहे. इंग्रजी अधिकाऱ्याला या दोन नावांत एकही समान शब्द दिसत नाही. फॉर्ममध्ये आधीची सर्व नावे विचारलेली असतात. ती सगळी, वापरात असलेल्या कालावधीसह लिहावीत, आणि विवाहाचा दाखला किंवा नाव राजपत्रात बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राचे ते पान जोडावे. कागद फक्त मराठीत असेल, तर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि अचूकतेची हमी असलेले इंग्रजी भाषांतर सोबत हवे. पुणे महानगरपालिकेच्या जुन्या जन्मदाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचे नाव नसते, रकाना कोराच असतो; मुलीचा दाखला तसा असेल, तर नाव समाविष्ट करून नवीन प्रत मागवायला आताच घरच्यांना सांगावे, कारण त्या कामाला वेळ लागतो.

नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापले जाईल, तेच ब्रिटिश पासपोर्टवर आणि पुढे ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत देतो त्या कार्डावर, येईल. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधले नाव म्हणून ठेवायचे की नाही, हे घरात बसून अर्जापूर्वीच ठरवावे. प्रमाणपत्र नंतर केवळ चूक असेल तरच बदलून मिळते, मत बदलले म्हणून नाही.

चारित्र्याच्या भागात लोक दंडाच्या पावतीला घाबरतात आणि कराकडे दुर्लक्ष करतात. माझ्या दृष्टीने हे उलटे असायला हवे. वेगमर्यादेचा ठरावीक दंड वेळेत भरला असेल आणि प्रकरण न्यायालयात गेले नसेल, तर ती शिक्षा मानली जात नाही आणि अशा एका दंडाने अर्ज सहसा नाकारला जात नाही. जुन्या पत्त्यावर न्यायालयाची पत्रे येऊन पडली आणि आपल्याला न कळताच दोषी ठरवले गेले, असेही घडते. घर बदलले असेल तर तेवढी खात्री करून घ्यावी. दंड झाला होता, हे सांगितल्याने सहसा नुकसान होत नाही. लपवलेले उघडकीस आले, तर त्या लपवण्यामुळेच अर्ज नाकारला जाऊ शकतो.

बाणेरचा फ्लॅट मात्र मला अस्वस्थ करतो. ब्रिटनमध्ये कर-निवासी असलेल्या व्यक्तीला जगभरातील उत्पन्नाचा हिशेब इथल्या करखात्याला, म्हणजे एचएमआरसीला, द्यावा लागतो. भारतात भाड्यावर कर भरला म्हणून इथली जबाबदारी संपत नाही. दोन्ही देशांतील दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण विवरणपत्र भरावेच लागते. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त आहे आणि ब्रिटनमध्ये करपात्र आहे, हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांचा चेहरा पडतो. आपण पगारदार असल्यामुळे आजवर सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः भरायचे कर-विवरणपत्र, केलेलेच नसेल, तर अर्जाआधी भारतीय उत्पन्नाची माहिती असलेल्या हिशेबनीसाला मागील प्रत्येक वर्ष तपासायला द्यावे, कारण एप्रिल २०२५ पूर्वीच्या वर्षांचे नियम वेगळे होते. काही राहून गेले असेल, तर एचएमआरसीची परदेशी उत्पन्न स्वतःहून जाहीर करण्याची सोय आहे. तिचा वापर करून थकबाकी व्याजासह भरावी आणि त्याचा कागद अर्जाला जोडावा. स्वतःहून दुरुस्त केलेली गोष्ट आणि पकडली गेलेली गोष्ट यांत अधिकारी नक्कीच फरक करतो. ऑगस्टपर्यंतचा जो वेळ मिळतो आहे, त्याचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

रेफरींची, म्हणजे अर्जदाराच्या ओळखीची ग्वाही देणाऱ्यांची, निवड वरवर पाहता सोपी वाटते. प्रत्येक अर्जाला दोन रेफरी लागतात. प्रौढांच्या अर्जात एक व्यावसायिक पात्रता असलेला, मग तो कोणत्याही देशाचा नागरिक असो, आणि दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक, जो व्यावसायिक असावा किंवा पंचविशीपुढचा. दोघांनीही आपल्याला किमान तीन वर्षे व्यक्तिशः ओळखलेले असावे. ते आपले नातेवाईक नसावेत आणि एकमेकांचेही नसावेत. आपल्या मंडळींची चूक इथेच होते: महाराष्ट्र मंडळातले एखादे जवळचे जोडपे निवडले जाते, दोघेही सज्जन, दोघेही डॉक्टर, दोघेही ब्रिटिश, परंतु ते पती-पत्नी असल्यामुळे एकाच अर्जावर दोघांच्या सह्या चालत नाहीत. त्यांतील एकाने आपल्या आणि आपल्या पत्नीच्या, अशा दोन्ही अर्जांवर सही केली तर मात्र चालते. मुलांच्या अर्जात एक रेफरी असा हवा ज्याने आपल्या व्यवसायाच्या नात्याने त्या मुलाला पाहिलेले आहे: मुलीसाठी वर्गशिक्षक, मुलासाठी हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांची पाहणी करणारी परिचारिका) किंवा जीपी (कुटुंबाचा डॉक्टर). जीपी बऱ्याचदा नकार देतात किंवा वेगळे शुल्क घेतात, म्हणून आधी विचारून ठेवावे. शाळेच्या बाबतीत हे काम जुलैच्या सुट्टीपूर्वी उरकावे. ऑगस्टमध्ये सही करायला शिक्षक सापडणार नाहीत.

लाइफ इन द यूकेची, म्हणजे ब्रिटनचा इतिहास आणि जीवनपद्धती यांवरची, चाचणी आणि इंग्रजीचा पुरावा यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आयएलआरसाठी दोघांनी ते दिलेले आहे, तेच इथे चालते, आणि इंग्रजीच्या प्रमाणपत्राची मुदत उलटली असली तरी आयएलआरच्या वेळी ते स्वीकारले गेले असेल तर पुन्हा परीक्षा देऊ नये. पुरावे म्हणून चालू आणि जुने सर्व पासपोर्ट, पाच वर्षांचे पी-६० (पगार आणि कर यांचे वार्षिक प्रमाणपत्र) आणि पत्नी नोकरी करत नसेल तर तिच्या नावाची कौन्सिल टॅक्सची (स्थानिक घरपट्टीची) किंवा जीपीची पत्रे जमवावीत. प्रवासाच्या तारखा केवळ शिक्क्यांवरून काढू नयेत; ईमेलमधली तिकिटे आणि बोर्डिंग पास यांच्याशी ताडून पाहाव्यात. बायोमेट्रिक कार्डे ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली, आता आपली परवानगी ई-व्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन नोंदीच्या, रूपात आहे. मध्यंतरी भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण केले असेल, तर नवा क्रमांक यूकेव्हीआयच्या, म्हणजे होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या, खात्यात जोडलेला आहे ना, हे पाहावे. अर्ज ऑनलाइन भरल्यावर कागदपत्रे अपलोड करून बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायला जावे लागते. पाच वर्षांखालील मुलाचे ठसे घेत नाहीत, फक्त छायाचित्र घेतात.

खर्चाचा अंदाज असा: ९ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार प्रौढाचा अर्ज १,६०५ पौंड आणि शपथविधीचे १३० पौंड, म्हणजे १,७३५. त्या दरांनी दोन प्रौढ आणि दोन मुले मिळून ५,८९८ पौंड होत होते. हे दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहावा. अर्ज नाकारला गेला तर शपथविधीचे पैसे परत मिळतात, बाकीचे नाहीत, आणि नकाराविरुद्ध अपिलाचा हक्कही नाही. केवळ फेरविचाराची विनंती करता येते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतील पाचऐवजी दहा वर्षांच्या प्रस्तावाने अनेक जण घाबरलेले आहेत. तो आयएलआर मिळवण्याच्या कालावधीविषयी आहे, ज्यांना तो आधीच मिळालेला आहे त्यांनी त्या धास्तीने अपुऱ्या तयारीचा अर्ज करू नये. कोणाकडून सशुल्क सल्ला घ्यायचा असेल, तर तो सॉलिसिटर आहे किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला आहे, एवढे तपासावे.

निर्णय साधारण सहा महिन्यांत येतो. त्या काळात भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येतो, त्याने अर्ज रद्द होत नाही. मंजुरीचे पत्र आल्यावर तीन महिन्यांच्या आत शपथविधीला हजर राहावे लागते. मुलांना शपथ नसते. नागरिकत्व शपथविधीच्या दिवशी लागू होते, आणि त्याच क्षणी भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे हा गुन्हा आहे, तो पासपोर्ट वैध दिसत असला तरी. आधी ब्रिटिश पासपोर्ट, मग उच्चायुक्तालयाच्या वतीने काम करणाऱ्या व्हीएफएस या कंपनीकडे भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र, मग ओसीआय, असा क्रम आहे, आणि चौघांचे कागद वेगवेगळे होतात. शपथविधीपासून ब्रिटिश पासपोर्ट मिळेपर्यंतच्या काही आठवड्यांत आपल्याला कुठेही जाता येत नाही. आपल्या वडिलांची प्रकृती पाहता हा भाग मी आपल्याला आवर्जून सांगतो: त्या काळात त्यांना काही होण्याची भीती असेल, तर शपथविधीची तारीख तीन महिन्यांच्या मुदतीत पुढे घ्यावी, आधी साताऱ्याला जाऊन यावे आणि मग शपथ घ्यावी. ब्रिटिश पासपोर्ट हातात आल्यावर ओसीआयसाठी न थांबता भारताच्या ई-व्हिसावर जाता येते, हेही लक्षात असू द्यावे.

भारतीय नागरिकत्वाबरोबर मतदानाचा आणि सार्वजनिक पदाचा हक्क जातो. शेतजमिनीबद्दल आपल्या वडिलांना जी काळजी वाटते ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. शेतजमीन विकत घेणे अनिवासी भारतीय म्हणून आजही आपल्याला शक्य नाही, आणि ओसीआय झाल्यावरही नसेल. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र आपण ठेवू शकता. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. वाटणी किंवा आजोबांच्या पश्चात वारस नोंद राहिलेली असेल, तर तो फेरफार शपथविधीपूर्वी मंजूर करून घ्यावा, आणि सातबारावरचे आपले नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र भारतीय पासपोर्ट वैध असतानाच, पुढच्या साताऱ्याच्या भेटीत करून ठेवावे आणि त्याची एक प्रत तलाठ्याकडे द्यावी.